रेस दिली की दबते

तीन दिवस मी कुणाशी एक शब्दही बोलले नव्हते, हे मला सिलिंडरवाल्यामुळं कळलं. त्यानं दारातून विचारलं, "रिकामा कुठंय?" मी "आत आहे" म्हणायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. खाकरून दुसऱ्यांदा बोलावं लागलं. तो आपलं काम करून गेला आणि मी ओट्याला टेकून आठवत राहिले, शेवटचं कुणाशी बोलले होते. सोमवारी, हातगाडीवर भाजी विकणाऱ्या बाईशी, मेथीच्या जुडीवरून. आज गुरुवार होता.

मला निवृत्त होऊन तेव्हा आठ महिने झाले होते. शहरातल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं सहायक होते. लग्न केलं नाही. आई-वडील गेले, भाऊ नाशिकला असतो. पडेगावात दोन खोल्या, पुढं पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये निळ्या ताडपत्रीखाली माझी स्कूटर. दोन वर्षांत ती ताडपत्री मी एकदाही उचलली नव्हती. कपडे वाळत घालताना तिला वळसा घालून जायची सवय झाली होती. त्या गुरुवारी मात्र मी बादली खाली ठेवली आणि ताडपत्रीची दोरी सोडली. कुठं जायचं ठरलं नव्हतं. घराबाहेर पडायला आपल्याकडं काहीतरी असावं, एवढंच वाटलं.

गाडी उभी का राहिली ते सांगायचं तर आपांबद्दल सांगावं लागेल.

आपा आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात होत्या. माझ्यापेक्षा दीड वर्षानं मोठ्या. राहायच्या माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं. त्यांचे मिस्टर वाळूजला कारखान्यात शिफ्टवर जायचे, त्यामुळं आपांना कॉलेजला बसनंच यावं लागायचं. मी स्कूटर घेतली त्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "मागं वजन चालतं का गं तुझ्या गाडीला?" त्यानंतर बारा वर्षं त्या माझ्या मागं बसल्या. दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर दोघींचे डबे, आणि पडेगावपासून क्रांती चौकापर्यंत तोंड चालू. कोणत्या पोरानं पुस्तकाचं पान फाडलं, सुनेनं मोहरमच्या खिचड्यात काय घातलं, रात्री स्वप्नात कोण आलं. मी मान न वळवता उत्तरं द्यायची. मधे ब्रेकर आला की मी "आपा" एवढंच म्हणायची, त्या कंबर सावरायच्या आणि वाक्य तिथूनच पुढं सुरू करायच्या.

त्यांचे मिस्टर गेले. मग त्या निवृत्त झाल्या आणि मुलानं त्यांना जालन्याला नेलं. मी एकटीच गाडीवर जायला लागले. गाडी हलकी वाटायची, वाऱ्यानं बाजूला सरकायची, पण चालवत होते. महिनाभरानं एका सकाळी क्रांती चौकात सिग्नलला थांबले असताना मी मोठ्यानं म्हणाले, "आपा, कपाटाची चावी घरीच राहिली बघा." शेजारच्या मोटारसायकलवरच्या माणसानं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या मागच्या सीटकडं पाहिलं. त्याच्या मागं बसलेली बाईही वाकून बघायला लागली. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले, तरी मला गाडी पुढं घेता येईना.

त्या संध्याकाळी गाडी डबल स्टँडवर घेतली आणि ताडपत्री बांधली. पुढं निवृत्त होईपर्यंत बसनं आणि रिक्षानं गेले.

जालना काही लांब नाही. मी एकदा बसनं जाऊनही आले होते. पण आपांचे कान दोन वर्षांत पार गेले. सुनेनं ट्रेमधून चहा आणला, नातवंडं येऊन बघून गेली. मी काहीही बोलले की आपा सुनेकडं बघायच्या आणि सून त्यांच्या कानाशी ओरडून सांगायची. निघेपर्यंत त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. फोनवर तर त्यांना काहीच ऐकू येत नाही. मी विचारते, सून ओरडते, आपा लांबून "हौ, हौ, ठीक हूँ" म्हणतात. दोन मिनिटांत फोन संपतो.

तर ताडपत्री काढली. गाडीवर धूळ फारशी नव्हती, पण दोन्ही चाकं बसली होती आणि बॅटरी संपली होती. टाकीचं झाकण उघडल्यावर पेट्रोलऐवजी जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला. रॉकेल काढायचा प्लास्टिकचा पंप घरात पडून होता, त्यानं सगळं पेट्रोल उपसलं. रिक्षा करून पंपावर गेले, कॅनमध्ये ताजं पेट्रोल आणलं आणि चाकांत हवा भरायचा पायपंपही विकत घेतला. प्लग काढून पॉलिश पेपरनं घासला. मग किक मारायला लागले. गुडघा बोलायला लागला तसं पाय बदलून मारत राहिले. कितव्या किकला कोण जाणे, गाडीनं धूर सोडला आणि सुरू झाली.

तिचा आवाज शेडच्या पत्र्यावर आपटून घरात शिरला तेव्हा मला रडू आलं. मी तिथंच पायरीवर बसले आणि गाडी पाच-सात मिनिटं तशीच चालू ठेवली. जागेवर ती अगदी शहाण्यासारखी चालत होती. मग उठून रेस दिली तर भक्क करून दबली आणि बंद.

पुन्हा किक, पुन्हा सुरू. रेस न देता चालते, मूठ जरा पिळली की कुणी गळा धरावा तशी दबते. दिवसभर हेच चाललं.

प्रयोगशाळेत मुलांना मी एकच गोष्ट सांगत आले. उत्तर चुकलं तर सगळं एकदम हलवू नका, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झालं ते लिहून ठेवा. मी एक वही घेतली. एअर फिल्टर काढून गाडी चालवून पाहिली: फरक नाही. नवा प्लग घातला: फरक नाही. चोक ओढून रेस दिली: जरा जास्त वेळ टिकते, मग दबते. या तिसऱ्या ओळीखाली मी रेघ मारली. चोक ओढल्यावर हवा कमी जाते आणि पेट्रोलचा वाटा वाढतो. म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडत होतं. जागेवर चालण्यापुरतं मिळत होतं, पळायला लागेल तेवढं मिळत नव्हतं. किती दिवसांनी डोक्याला असं काम मिळालं होतं. जेवायचं दुपारी चार वाजता आठवलं.

शुक्रवारी सकाळी गाडी ढकलत मेनरोडवरच्या गॅरेजला नेली. गॅरेज म्हणजे एक शटर आणि पुढं तेलानं काळी झालेली जमीन. मालक सत्तरीचे, एकटेच काम करतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात.

"कितने दिन खडी थी, मॅडम?"

"दोन वर्षं."

"दोन साल." त्यांनी सीटवर हात ठेवला. "घरी कोणी नव्हतं का ढकलायला?"

"नाही."

त्यांनी आतून स्टूल आणून दिलं. मी वही उघडून तिन्ही ओळी वाचून दाखवल्या. चोकचं ऐकल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. बघितलं."

"मग माझं अर्धं काम तुम्हीच केलं," ते म्हणाले आणि कार्बोरेटर सोडवायला बसले.

कार्बोरेटरच्या वाटीत मधासारखा पिवळा चिकटा साचला होता. त्यांनी आतून करंगळीच्या नखाएवढा पितळी तुकडा काढला आणि तो उजेडाकडं धरून माझ्या हातात दिला. "यातून आरपार दिसतंय का बघा." काही दिसत नव्हतं. हाच तो जेट, रेस दिली की यातूनच पेट्रोल जातं, असं त्यांनी सांगितलं. पेट्रोल दोन वर्षांत सुकून आत त्याचा गोंद झाला होता. मला वाटलं आता तार घालतील, पण त्यांनी ब्रशचा एक केस घातला. "तार घातली की भोक मोठं होतं. मग गाडी पेट्रोल पीत बसते." दोन-तीनदा केस फिरवून, हवा मारून त्यांनी जेट पुन्हा माझ्याकडं दिला. त्या बारीक भोकातून रस्त्यापलीकडच्या भिंतीचा एक पांढरा ठिपका दिसला.

गाडी जोडली, किक मारली, रेस दिली. दबली नाही. चाचांनी मला मेनरोडवर दोन चकरा मारायला लावल्या. मी दोन वर्षांनी गाडीवर बसले होते. गाडी सरळ चालली.

घरी आल्यावर मी पहिला फोन जालन्याला केला. सुनेला सांगितलं, गाडी सुरू झाली म्हणून सांग. ती ओरडली, "अम्मी, उनकी गाडी चालू हो गई." लांबून आपांचा आवाज आला, "कौनसी गाडी?" सुनेनं पुन्हा सांगितलं.  मग आपांनी विचारलं, "पीछे कौन बैठता?"

सुनेनं मला विचारलं, "पूछ रहे, पीछे कौन बैठता?"

"कुणी नाही म्हणून सांग," मी म्हटलं.

सून ते ओरडून सांगत असताना मी फोन ठेवून दिला. असं मी आधी कधी केलं नव्हतं.

शनिवारी सकाळी गाडी घेऊन बाहेर पडले. शहराकडं जावंसं वाटेना म्हणून दौलताबादच्या रस्त्याला लागले. मिटमिट्यापर्यंत गाडी छान चालली. त्याच्या पुढं चार-पाच किलोमीटरवर ती हळूहळू दम सोडायला लागली. मूठ पूर्ण पिळली तरी वेग उतरत गेला, आणि रस्त्याच्या कडेला घेईपर्यंत बंद. परवासारखीच. मी गाडी एका कडुलिंबाखाली लावली. मला चाचांचा राग आला, मग स्वतःचा. पाच मिनिटांनी किक मारली तर एका किकला सुरू झाली. शंभर पावलं गेली आणि पुन्हा दबून बंद.

शेजारी हरभरा निघालेलं रान होतं आणि त्यात मेंढरं बसवली होती. त्यांच्यातून एक बाई काठी टेकत माझ्याकडं आली. चाळिशीची असेल. हिरवं लुगडं, खांद्यावर घोंगडी.

"बंद पडली व्हय, बाई?"

"व्हय," मी म्हणाले. कॉलेजात इतकी वर्षं 'हो' म्हणत आले, पण तिच्यासमोर आपोआप व्हय आलं.

"लई येळ झाला बघायलेय मी. चालू व्हती, बंद व्हती. पेट्रोल हाय का बघा की."

पेट्रोल होतंच, पण बघायला काय जातंय म्हणून मी सीट उघडून टाकीचं झाकण फिरवलं. स्स करून हवा आत ओढली गेली, प्रेशर कुकरचं झाकण काढताना येतो तसा आवाज. बाई एक पाऊल मागं सरकली. पेट्रोल अर्ध्या टाकीएवढं होतं. मी झाकण सैल ठेवूनच किक मारली. गाडी लगेच सुरू झाली. रानाच्या कडेच्या कच्च्या रस्त्यानं गेले आणि परत आले, दबली नाही. मग झाकण घट्ट लावून तोच फेरा चार-पाच वेळा मारला. शेवटच्या फेऱ्याला बंद पडली. पुन्हा झाकण सैल केलं, पुन्हा चालली. बाई काठीवर हनुवटी ठेवून हे सगळं बघत होती.

"काय करायलात हो तुमी?" तिनं विचारलं.

मी तिला सांगितलं. भरलेल्या नळीचं वरचं तोंड बोटानं दाबून धरलं की खालून थेंबसुद्धा पडत नाही. बोट उचललं की पाणी मोकळं होतं. टाकीचंही तसंच आहे. जेवढं पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा वरून आत यावी लागते, म्हणून झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं असणार. परवा घरात आणि काल गॅरेजात मी झाकण सारखं उघडझाप करत होते, चकराही छोट्या होत्या, त्यामुळं हा दुसरा बिघाड दिसलाच नव्हता. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी श्वास कोंडला तिचा."

झाकण उलटं करून पाहिलं. भोकावर धूळ आणि जुन्या पेट्रोलचा मेणासारखा थर बसला होता. टोचायला काहीतरी हवं होतं. तिनं कमरेच्या चंचीतून घोंगडी शिवायची सुई काढून दिली. थर कडक होता, वेळ लागला. ती माझ्याजवळ मातीत बसली.

ती आष्टीकडची. हरभरा निघाला की दरवर्षी मेंढरं घेऊन या बाजूला येतात. सासरा, नवरा आणि ती. दोन्ही पोरं गावाकडं शाळेत, तिच्या आईपाशी. "दिसभर मेंढरांशीच बोलायचं," ती म्हणाली. "माणसाशी बोलायला सांज व्हती. तवर माणूस झोपलेला असतोय." मग तिनं विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण?"

"मीच."

"एवढ्या घरात?"

"दोनच खोल्या आहेत."

"दोन लई झाल्या एकलीला," ती म्हणाली. त्यात कीव नव्हती. आपण किती माणसांना किती पातेली लागतील ते बघतो, तसं तिनं बघितलं होतं. मला तिला आणखी सांगावंसं वाटलं. आपांबद्दल सांगायला सुरुवातही केली, "माझ्या मागं एक बाई बसायच्या," इतकंच बोलले होते, तेवढ्यात चार-पाच मेंढरं बांध ओलांडून पलीकडच्या ज्वारीत शिरली. ती हाळी देत धावली. मी झाकण लावलं, किक मारली, रस्त्यावर चार किलोमीटर जाऊन आले. गाडी दबली नाही. परत आले तेव्हा ती रानाच्या दुसऱ्या टोकाला होती. मी हात केला. तिनं काठी वर केली की मेंढरावर उगारली, ते मला लांबून कळलं नाही.

संध्याकाळी घरी ओढणीची घडी करताना बोटाला सुई टोचली. तिची सुई मी ओढणीत खोवून तशीच निघून आले होते.

रविवारी सकाळी लवकर निघाले. वाटेत तिच्यासाठी केळी घेतली. काय बोलायचं तेही मनात होतं. झाकण आता नीट आहे, हे आधी सांगायचं. मग कालचं अर्धं राहिलेलं सांगायचं, सावकाश, पहिल्यापासून. लिंबापाशी पोचले तर रान मोकळं होतं. लेंड्या, तीन दगडांची चूल, राख. पलीकडं एक शेतकरी पाइप गुंडाळत होता. त्यानं सांगितलं, पहाटेच हलले, खुलताबादच्या घाटाकडं गेले.

मी तशीच पुढं गेले. दौलताबाद ओलांडलं, घाट लागला. चढावर मी मूठ पिळत गेले आणि गाडी एकसारखी ओढत राहिली. दोन वर्षं मी जिला वळसा घालून जात होते ती मला एवढा चढ चढवत होती. मागं कुणी नव्हतं म्हणून जरा सहजच चढली असेल, हेही मनात आलं आणि त्याचं मला वाईट वाटलं.

घाटाच्या वर, वळणाच्या पुढं मेंढरं दिसली. त्यांच्यासोबत एक म्हातारा होता, लाल फेट्याचा. मी गाडी थांबवून विचारलं, "तुमच्या सूनबाई कुठं आहेत?"

"पुढं गेली घोड्यासंगं. मुक्काम लावायला."

"लांब?"

"लांबच म्हणायचं. रानातून गेली, गाडी न्हाय जायची तिथं."

मी सुई आणि केळी त्याच्या हातात दिली. "तिची सुई माझ्याकडं राहिली होती. सांगा तिला, गाडीवाली बाई आली होती."

त्यानं सुई फेट्याच्या घडीत खोवली आणि केळी झोळीत ठेवली. "एवढ्यापायी आलाव व्हय इतक्या लांब?"

"व्हय."

त्याला मी आणखी काय सांगणार होते. मेंढरं माझ्या दोन्ही बाजूंनी रस्ता ओलांडत होती. ती संपेपर्यंत मी गाडी धरून थांबले.

"एकल्याच हायसा?" त्यानं विचारलं.

"एकटीच."

"मग जपून जावा. उतार लई हाय."

मी गाडी वळवली आणि सावकाश उतरायला लागले.